सरकारचं ‘न्हाई’

सरकार घामानं निथळत होतं.

सरकार म्हणजे गावचे सरपंच लालासाहेब. औंधच्या व्याह्यांनी लग्नात शिवून दिलेला गरम कोट अंगात, डोक्यावर पृथ्वीराज सरांनी कुठूनशी पैदा केलेली हॅट, आणि वर ऑगस्टातली उकाड्याची दुपार. झेंडावंदन सकाळीच झालं होतं. आता शाळेच्या हॉलमध्ये इंग्रजांच्या काळातल्या कौन्सिलाचा देखावा चालला होता. सभासदांनी प्रश्न विचारायचे, सरकारनं उत्तर द्यायचं. खरं तर त्या कौन्सिलात बाप्येच बसायचे, पण गावातले बाप्ये पाठांतराला बसेनात, म्हणून बचत गटाच्या बायका सभासद झाल्या होत्या.

सरपंचांच्या पाठांतराचाही आनंदच होता. पण सरकारचं काम सोपं. सरांनी सगळ्या प्रश्नांना मिळून एकच उत्तर लिहून दिलं होतं: नाही.

“पोलिसांवरचा खर्च यंदा वाढला आहे. तो कमी करण्याचा सरकारचा विचार आहे काय?” विजयमालानं कागद बघून विचारलं.

सरपंच उठले, कोटाची बटणं चाचपली आणि म्हणाले, “न्हाई.”

“प्लेगच्या गावांत औषधं पोचत नाहीत, हे सरकारला ठाऊक आहे काय?”

“न्हाई.”

दर ‘न्हाई’ला हॉल हसत होता. सरपंच चांगलेच रंगात आले होते. तेवढ्यात तिसऱ्या प्रश्नाला दगडाबाई उठली आणि त्यांनी हॅट डोळ्यांवर ओढली.

ह्या बाईला चुकवण्यासाठी ते हल्ली गल्ली बदलून घरी जात. कारणच तसं होतं. गावच्या दवाखान्याचा नळ तोडून त्यांनी नव्या पोलीस चौकीला जोडून दिला होता. चौकीच्या उद्घाटनाला मोठे साहेब आले होते, चार लोकांत सरपंचांनी छाती फुगवून शब्द दिला होता. साहेब चहा पिऊन गेले आणि दवाखाना कोरडा पडला. पाण्याशिवाय इथं बाळंतपण होणार नाही, कराडला न्या, असं समीना सिस्टरनी सगळ्यांना सांगून टाकलं. आणि दगडाबाईच्या नातीचे, रेश्माचे, दिवस भरत आले होते. गावात दवाखाना नव्हता तेव्हा तिचं पहिलं बाळंतपण कराडच्या वाटेवर जीपमध्येच झालं होतं. दोघं वाचली, पण ती वाट म्हातारीला पुन्हा नको होती.

आपलं चुकलं हे सरपंचांना केव्हाच कळलं होतं. पण पोलिसांना दिलेलं पाणी मागं मागायचं कुठल्या तोंडानं? विचार करून करून त्यांचं डोकं पिकलं होतं. दगडाबाई पंचायतीत आली की ते ‘बघू’ म्हणायचे आणि नुसतेच बघत बसायचे.

दगडाबाईनं कागदावरचा प्रश्न वाचला. कुठल्याशा गावच्या विहिरीचा होता. सरपंच घाईनं “न्हाई” म्हणाले आणि खाली बसले. दगडाबाई काही बसली नाही.

“मावशी, तुमचा प्रश्न झाला,” सर म्हणाले.

“व्हय. पन तुमीच सांगितलं न्हवं, सभासदाला वर आनी एक पुरवणी प्रश्न इच्यारता येतो म्हून? माजी पुरवणी हाय.”

सर अडकले. “येतो,” म्हणाले.

दगडाबाईनं कागदाची घडी घातली, कमरेला खोचली आणि सरळ सरपंचांच्या तोंडाकडं बघितलं.

“चौकीला जोडल्याला नळ परत दवाखान्याला जोडाय सरकारची काय हरकत हाय का?”

हॉल सरसावून बसला. दारात बंदोबस्ताला विश्वजित हवालदार उभे होते, तेही काठीवर रेलायचे थांबले. सरपंच उठले. कोटाची बटणं चाचपली. तोंडाला सवय लागली होती, डोकं अजून विचारात होतं.

“न्हाई,” ते म्हणाले.

आणि मग, आपण काय बोललो, ते त्यांनाच ऐकू आलं.

“हरकत न्हाई म्हनत्यात सरकार,” दगडाबाई हॉलकडं वळून म्हणाली. “समद्यांनी ऐकलं न्हवं?”

सरपंचांनी घाबरत घाबरत दाराकडं बघितलं. विश्वजित हवालदार खाकरले.

“आमची बी न्हाई, आबा. चौकीमागं हापसा हाय की आमाला. तुमी येवढ्या मायेनं नळ दिल्याला, परत घ्या म्हनाय आमचीच जीभ रेटत न्हवती.”

सरपंचांनी कपाळावर हात मारला. म्हणजे एवढे दिवस ते उगीचच गल्ल्या बदलत हिंडत होते. त्यांना आधी हसू फुटलं, मग डोळ्यांत पाणी आलं, आणि घामात ते कुणाला दिसलं नाही हे बरंच झालं. मागच्या रांगेतून रमजान प्लंबर उठला. “पाना घिऊन येतो,” म्हणून तो चपला शोधायला लागला. समीना सिस्टरनी दवाखान्याची किल्ली पर्समधून काढली आणि त्याच्या मागोमाग निघाल्या. दगडाबाई आता कुठं खुर्चीत बसली. पदरानं तोंड पुसलं, शेजारच्या विजयमालाला म्हणाली, “पानी दे गं वाईच.”

सरपंचांनी हॅट काढून टेबलावर ठेवली.

“सर, कोट काढला तर चालंल का? लय उकडतंय.”

सरांनी हातातल्या कागदाकडं बघितलं. “अजून दोन प्रश्न आहेत, आबा. सरकारला कोट लागतो.”

“काढू द्या त्यांस्नी,” दगडाबाई पाण्याचा तांब्या खाली ठेवत म्हणाली. “सरकार मगाशीच गेलं. हे आमचं सरपंच हायती.”