पायाळू

"डोकं कुठे लागतंय?" डॉक्टर मुलाणींनी विचारलं.

"वर, मानेखाली. गरम वाटी ठेवल्यासारखं," हेमांगी म्हणाली. "आणि लाथा पार खाली."

अपघातानंतर तिला छातीखालचं काहीच जाणवत नसे. पोटावरचा पट्टा बाळाची हालचाल टिपायचा आणि अंगातलं जाकीट ती जशीच्या तशी तिच्या खांद्यांमागे उमटवायचं.

"म्हणजे पायाळू आहे. फिरलं नाही तर सिझर करू. घाबरायचं नाही," असं सांगून डॉक्टर बाहेर गेल्या.

कोपऱ्यातल्या खुर्चीतून सासूबाई कण्हत उठल्या. 'पोटातलं पोर हललेलं जिला कळणार नाही, तिनं कशाला हा हट्ट करावा,' असं वर्षभर घोकणाऱ्या त्याच.

"ते जाकीट दे बघू जरा. चार दिवस झाले, पाठीत उसण भरलीय. पायाळूची लाथ बसली की जाते."

हेमांगीने हसत जाकीट काढून दिलं आणि एकदम सगळं शांत झालं. पोट समोर दिसत होतं, पण आत कुणी आहे असं वाटेना. ती सासूबाईंच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

"अगं बाई!" सासूबाई दचकल्या. मग डोळे मिटून बसल्या. पुन्हा दचकल्या, आणि त्यांचे हात आपोआप जोडले गेले.

"गेली का उसण?"

"कुठली जातेय!" त्या घाईघाईने जाकीट काढू लागल्या. "घे, घाल लवकर. ते तुला शोधतंय."