आठशे ऐंशीचा भाव

"आठशे ऐंशी झालाय. इकून टाक आता," फोनवर संजय म्हणाला.

दीपमाला चाचणीच्या खोलीबाहेर, पाण्याच्या कूलरपाशी उभी होती. दोन वाजून चाळीस मिनिटं झाली होती. साडेतीनला बाजार बंद होणार. कंपनीतल्या माणसांना कंपनीचे शेअर विकायला वर्षातले मोजकेच दिवस मोकळे असतात. त्यातला हा शेवटचा.

नऊ वर्षांपूर्वी ती नवऱ्याबरोबर, संजयबरोबर, यवतमाळहून पुण्यात आली आणि बाणेरच्या या कंपनीत लागली. तेव्हा कंपनीत अकरा माणसं होती. विजेवरच्या बसचे ब्रेक सांभाळणारा संगणक ते बनवत होते. पुरता पगार द्यायला पैसे नव्हते, म्हणून शेअर दिले. मागच्या वर्षी कंपनी बाजारात उतरली आणि त्या कागदांना एकदम जीव आला. भाव नऊशे चाळीसला गेला, दोन महिन्यांत चारशेवर आपटला, पुन्हा चढला. चढला की संजय म्हणे इक, पडला की त्याला जेवण जात नसे. शेवटी दोघांनी ठरवलं होतं, आज चारही हजार शेअर विकायचे आणि वारज्यातलं दोन खोल्यांचं घर घ्यायचं. इसार देऊन झाला होता.

"आज नाही विकता येणार," ती म्हणाली.

"काऊन?"

सांगू नये ते तिनं सांगितलं. जेवणाच्या सुट्टीआधी तिला एक दोष सापडला होता. लांब उतार आणि बॅटरी अगदी कमी, असं जुळून आलं की ब्रेक दीड सेकंद उशिरा लागत होता. तीनशे चाचण्यांत दोनदा. आणि चाळीस बस रस्त्यावर धावत होत्या.

संजय आवाज खाली आणून म्हणाला, "आज इक. सोमवारी सांगजो. तीन दिवसानं काय फरक पडते?"

"तीन दिवस बस उभ्या राहणार आहेत का?"

"अगं, पण हे कोणाला माहीत आहे?"

"मला," दीपमाला म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

तिचे साहेब दिग्विजय यांनी आकडे दोनदा वाचले. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. "मुहूर्त उत्तम शोधलात, मॅडम," ते म्हणाले. तिनं त्यांच्यासमोर चाचणी पुन्हा लावली. विसाव्या फेरीला ब्रेक उशिरा लागला. दिग्विजय उठले आणि मालकांच्या खोलीत गेले.

तीन वाजून पाच मिनिटांनी सगळ्यांना मेल आला : कंपनीतल्या माणसांसाठी शेअरची विक्री आत्तापासून बंद. मालक सुदर्शन यांनी चाळीसही बस थांबवायला सांगितल्या आणि बाजाराला लेखी कळवलं. कारणासकट.

सोमवारी शेअर कोसळला. मंगळवारीही. गुरुवारी भाव तीनशे साठ होता. कॅन्टीनमध्ये तिच्या शेजारी काम करणारी पूर्वा डबा उचलून दुसरीकडे जाऊन बसली. भाव हजारावर जाण्याची वाट बघत तीही शेवटच्या दिवसापर्यंत थांबली होती. तिचा राग दीपमालाला समजत होता, म्हणूनच तो जास्त लागला. घराचा इसार बुडाला. संजय चार दिवस तिच्याशी बोलला नाही. पाचव्या दिवशी ती बसथांब्यावर उभी असताना तो स्कूटर घेऊन आला आणि म्हणाला, "बस मागं." तेवढंच. पण त्या दिवसापासून तो रोज तिला सोडायला येऊ लागला.

दोषाचं मूळ शोधायला पाच आठवडे गेले. सापडलं तेव्हा ते संगणकाला दिलेल्या सूचनांच्या चार ओळींत निघालं. त्या चार ओळी बदलल्यावर दीपमालानं तीनशे नाही, दहा हजार चाचण्या घेतल्या. दिग्विजय रोज संध्याकाळी येऊन विचारत, "झालं समाधान?" आणि ती रोज म्हणे, "उद्या बघू." दहा हजारावी चाचणी संपली तेव्हा तिनं मान हलवली आणि अहवालावर सही केली. दिग्विजयांनी स्वतः जाऊन सगळ्या खोलीसाठी चहा सांगितला.

त्यानंतर सात महिने काहीच घडलं नाही. शेअर तीनशे-चारशेत लोळत होता. मग एका सकाळी बातमी आली. दक्षिणेतल्या एका मोठ्या शहरानं अकराशे बसच्या ब्रेकचं काम या कंपनीला दिलं होतं. तीन कंपन्या स्पर्धेत होत्या. आपल्या मालातला दोष आपणहून सांगून चाचण्यांचा अहवाल पुढे ठेवणारी एकच होती.

महिन्याभरात भाव बाराशे दहावर गेला. विक्रीचे दिवस मोकळे झाले, तसा संजयनं फोन तिच्या हातात दिला. दीपमालानं तीन हजार शेअर विकले. घराला तेवढे पुरत होते. उरलेले ठेवले.

"ते काऊन ठेवले?" संजयनं विचारलं.

"कारण आता ब्रेक लागतात," ती म्हणाली. संजय इतक्या मोठ्यानं हसला की शेजारच्यांनी दार उघडून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सुदर्शन यांनी सगळ्यांना खालच्या सभागृहात बोलावलं. दीपमाला मागे भिंतीला टेकून उभी होती. पूर्वा गर्दीतून वाट काढत तिच्या शेजारी येऊन थांबली. सुदर्शन म्हणाले, "करार एकशे बारा पानांचा आहे. आपण त्या शहराच्या सगळ्या अटी मान्य केल्या. एक अट मात्र त्यांच्या अधिकाऱ्यांनी सही करताना हातानं लिहून घातली. ती तेवढी वाचतो."

त्यांनी चष्मा लावला आणि वाचलं : "शेवटच्या चाचणीवर श्रीमती दीपमाला संजय ढोके यांची सही असल्याशिवाय आम्ही एकही बस रस्त्यावर आणणार नाही."