सातव्या खंडाची टंकप्रत

“सांगितलं तर कोणी विश्वास ठेवणार नाही, पण सातवा खंड पूर्ण आहे!” टाइपकाकांनी प्रकाशकाच्या टेबलावर गठ्ठा आदळला. कप बशीतल्या बशीत दचकला. “दोनशे बारा पानं. या दहा बोटांनी टाइप केलेली. आता छापा बघू तुमचा तो नकली शेवट!”

प्रकाशकाने आधी कप सावरला, मग चेहरा.

झालं होतं ते असं. नावाडणीची ती अवाढव्य कादंबरी सहा खंडांपर्यंत आली आणि लेखक वारले. टीव्हीवरची मालिका मात्र थांबायला तयार नव्हती. पुस्तकं संपल्यावर तिने स्वतःचं डोकं चालवलं आणि रविवारी सगळ्याचा निकाल लावून टाकला. सहा खंड जिने एका सरदाराला नावेत पाय ठेवू दिला नाही, त्या नावाडणीने शेवटच्या भागात त्याच्याशीच लग्न केलं. वर लाजलीसुद्धा. आता हाच शेवट लेखकाच्या नावाने सातवा खंड म्हणून छापला जाणार होता. करारावर लेखकाच्या बायकोची सही तेवढी बाकी होती. त्या समोरच्या खुर्चीत मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. शेजारी मालिकेची पटकथा लिहिणारी बाई होती, हातात उघडं पेन घेऊन.

“लाजली!” काका कडाडले. “जिने भर पुरात नाव घातली, ती लाजली! अहो, ते लिहिताना तुम्हाला नाही का लाज वाटली?”

“लोकांना गोड शेवट लागतो, काका,” पटकथावाली म्हणाली. “आणि लेखकांनी काही लिहूनच ठेवलं नव्हतं. आम्ही काय करायचं होतं?”

“गप्प बसायचं होतं! गेलेल्या माणसाच्या तोंडी आपले शब्द घालायचे नसतात. तीस वर्षं मी त्यांचं लिखाण टाइप केलं, पदरचा एक स्वल्पविराम घातला नाही.”

यावर वाद नव्हता. लेखकाचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे. एकदा तर आपण काय लिहिलंय ते त्यांनी काकांनाच फोन करून विचारलं होतं. काकांनी मात्र तीस वर्षांत कधी उलटून विचारलं नाही. “अक्षर डोळ्यांनी वाचतात ते शिकाऊ,” ते म्हणत. “आपलं काम बोटांचं.” लिखाण चालू असताना त्याविषयी चकार शब्द काढायचा नाही, आणि शेवटचं पान झाल्याखेरीज टंकप्रत लेखकाला द्यायची नाही, असा दोघांचा शिरस्ता. शिवाय काका भलते काटकसरी. पानाचा समास बसवून बघायलाही कोरा कागद घ्यायचा नाही, जुन्या बिलांच्या पाठीवर भागवायचं.

“मला लेखक सांगायचे, निब अडतेय,” प्रकाशक पुटपुटला. “तीन वर्षं तेच. आज हे पेन खोललंय, आज ते धुतलंय. मी समजलो, संपलं यांचं लिहिणं.”

“तुम्हाला कटवत होते! त्यांचं बाहेर पडणं बंद झालं तेव्हापासून दर महिन्याला या वहिनी स्वतः गठ्ठा आणून द्यायच्या. विचारा त्यांनाच. काय वहिनी?”

वहिनींनी जरा आठवून मान हलवली. “गठ्ठे देत होते मी खरे.”

“मग वाचा की,” पटकथावालीने हाताची घडी घातली.

काकांनी शेवटचं प्रकरण काढलं.

नदी आटते. ही बाई मला पलीकडे नेत नाही म्हणून माझं सगळं अडलंय, असं सहा खंड ओरडणाऱ्या सरदारापुढे कोरडं पात्र पसरतं. नावाडीण नाव पालथी घालते, तिचंच छप्पर करते, आणि पलीकडून हाक मारते, “या की चालत! आता कोण अडवतंय?” सरदार एक पाय वाळूत ठेवतो. पुन्हा काढून घेतो. त्याला कधी जायचंच नव्हतं.

काका थांबले.

पटकथावालीची घडी केव्हाच सुटली होती. “आमच्यापेक्षा चांगलं आहे,” ती म्हणाली. हे म्हणताना तिचा चेहरा दाढ उपटल्यासारखा झाला.

वहिनींनी रुमाल डोळ्यांना लावला. “यांच्या मनात असं काही असेल, मला पत्ताच नव्हता.”

प्रकाशकाने करार खणात सारला आणि खण लावून टाकला. “हेच छापू. फक्त वकील हस्तलिखित बघायला मागेल.”

“बघू दे ना! चांगलं भिंग लावून बघू दे!” काकांनी दुसरा गठ्ठा सोडला. निळ्या, हिरव्या, जांभळ्या शाईच्या ओळी कागदभर पसरल्या होत्या. “निळ्यात नदी, हिरव्यात सरदार, जांभळ्यात नावाडीण. मला हे उमगायला चार महिने लागले. तुमच्या वकिलाला चार जन्म लागतील.”

प्रकाशकाने कागद एकदा सुलटा धरला, एकदा उलटा. “वरची बाजू कुठली?”

“ज्याला वाचता येतं त्याला दोन्ही वरच्याच,” काका म्हणाले.

वहिनींनी एक कागद उचलला. पालथा केला. मागची कोरी बाजू पाहिली. मग दुसरा पाहिला, मग तिसरा.

“एकही वापरला नाहीत? अहो भाऊजी, तुम्ही बिलांच्या पाठीवर भागवता म्हणून मी हे पाठकोरे आणून देत होते. पेनं धुतल्यावर शाई उतरते का बघायला यांनी ओढलेल्या रेघोट्या आहेत या. यात अक्षर कुठंय?”