खडीसाखर

थोरल्या लेकीने दार उघडलं तेव्हा माईंच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या आणि तोंडात वाक्य तयार होतं.

"केस कापलेस? बरं केलंस. होते तरी किती!"

थोरली पिशव्या घेऊन बाजूला झाली. माईंनी खोलीभर नजर फिरवली. पडदे धुवायला झाले होते, खिडकीतलं झाड मरायला टेकलं होतं. दोन्ही गोष्टी बोलून झाल्यावरच त्यांनी चपला काढल्या.

"सामान बांध. न्यायला आलेय तुला."

"माई, माझं काम..."

"काम सुटलं तुझं! धाकटीच्या यजमानांनी सांगितलं. यंत्र आलंय म्हणे. तुझ्या त्या खडीसाखरेत जन्म घालवून जे कळायचं, ते तासाभरात सांगतं. खरं ना?"

थोरलीचा चेहरा पांढराफटक पडला. "अजून काय सांगितलं त्यांनी?"

"अजून काय सांगायचं? एवढं पुरे नाही?"

खडीसाखर हे नाव माईंनीच ठेवलेलं. थोरली प्रयोगशाळेत प्रथिनांचे स्फटिक वाढवायची. शरीरातल्या एखाद्या प्रथिनाचा आकार कळला, की त्याच्या मापाचं औषध बेतता येतं, एवढं माईंच्या डोक्यात शिरलं होतं. पण प्रथिन काही डोळ्यांना दिसत नाही. म्हणून थंड खोलीत, थेंबाथेंबातून त्याचे स्फटिक धरवायचे. धरले तर धरले. दार जरा जोरात आपटलं तरी सगळं पाण्यात. त्यामुळे थोरलीला हलता येत नसे. धाकटीचं लग्न निघालं, स्फटिक धरत होता. माईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, स्फटिक धरत होता. मुलीला सासर नाही, पण जाच सगळा या खडीसाखरेचा.

माई फोनवर करवादायच्या, "पोटच्या पोरासारखं जपतेस त्याला. वेळेवर लग्न केलं असतंस, तर पोटचं पोर एव्हाना शाळेत गेलं असतं!"

पलीकडून थोरली, "ठेवते, माई. खोलीचं दार उघडं राहिलंय."

आता तो जाच संपला होता. जेवताना माई एकट्याच बोलत होत्या. "तुझी खोली रंगवून घेतलीय. मधल्या भिंतीत दार पाडलं. रात्री हाक मारली तरी ऐकू येईल एकमेकींना. कपडे मात्र हे असले आणू नकोस तिकडे."

थोरलीने हातातला घास ताटात ठेवला.

"किती दिवसांसाठी म्हणतेस, माई?"

"दिवस कसले मोजतेस? कायमची!"

थोरली ताट घेऊन उठली. मोरीतला नळ बराच वेळ चालू राहिला. माई मनाशी म्हणाल्या, वाईट वाटणारच. उमेदीची वर्षं एका यंत्राने गिळली, घास कसा उतरेल? आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना त्या खडीसाखरेची कणव आली. आणि राग वळला तो यंत्र आणणाऱ्यांवर.

सकाळी थोरली न सांगताच निघून गेली होती. माई पत्ता विचारत विचारत प्रयोगशाळेत पोहोचल्या. पहिल्या माणसाने दुसऱ्याकडे धाडलं, दुसऱ्याने परत पहिल्याकडे. प्रत्येक दाराला कार्ड लागत होतं. "बँकेची तिजोरी आहे की काय!" त्या एवढ्या मोठ्याने म्हणाल्या, की प्रयोगशाळेचे प्रमुख सर स्वतःच बाहेर आले. थोरलीची आई म्हटल्यावर त्यांनी आपल्या खोलीत नेलं, खुर्ची दिली.

माई बसल्या नाहीत. "माझ्या लेकीने उभं तारुण्य तुमच्या त्या थंड खोलीत घातलं, आणि तुम्ही तिच्या उरावर यंत्र आणून बसवलंत? तिला विचारलंत तरी का?"

सर गोंधळले. "विचारलं म्हणजे..."

"मधे बोलू नका! तिचे वडील गेले हो गेल्या उन्हाळ्यात. महिनाभर अंथरुणावर, डोळे सगळे दाराकडे. हिचा फोन, स्फटिक आत्ताच धरलाय, सोडून आले तर वर्षाची मेहनत जाईल. मी म्हटलं, नको येऊस. चार लोक नाही नाही ते बोलले, त्यांची तोंडं मी बंद केली. माझ्या लेकीचं कामच तसं आहे, म्हटलं. यंत्रच आणायचं होतं, तर तेव्हा का नाही आणलंत? बापाचं तोंड तरी बघितलं असतं तिनं!"

एवढं बोलून त्यांना धाप लागली. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. माईंनी तो घेतला नाही. सर ग्लास हातात धरून तसेच उभे राहिले.

"यंत्र तुमच्या मुलीनेच आणलं," ते हळूच म्हणाले. "चार वर्षं झाली, आजही तीच चालवते. ती थंड खोली तेव्हाच बंद केली आम्ही."

माई खुर्चीचा हात चाचपत खाली बसल्या.

"आणि गेल्या उन्हाळ्यात," सर म्हणाले, "वडिलांजवळ राहायचं म्हणून तिनं महिनाभर रजा घेतली होती."