चार वर्षांची उंची

चित्रस्पर्धेसाठी वर्गातल्या प्रत्येकाने एकच चित्र काढायचं होतं. पुढची हालचाल जादूची पेन्सिल स्वतः भरायची. काढणाऱ्याच्या हाताला जेवढं आठवत असेल, तेवढंच कागदावर चालायचं.

शाल्मलीच्या कागदावर आईच्या साडीचा काठ स्वयंपाकघरभर फिरत होता. जोडवी, ओल्या टाचा, मधूनच खाली येणारा पिठाचा हात. गुडघ्यांच्या वर मात्र नुसता कोरा कागद.

"फ्रेम चुकलीये गं," घोरपडे सर म्हणाले. "चेहरा कुठाय? उद्या परीक्षक हेच विचारतील."

तिने घरचा फोटो समोर ठेवून चेहरा काढला. हुबेहूब आला, पण हलेना. खाली पावलं चालत राहिली आणि वर चेहरा तसबिरीसारखा जागच्या जागी राहिला. शाल्मलीने तो खोडून टाकला.

"आई गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, सर. मला ती इथूनच दिसायची."

सर तिच्या बाकाशेजारी उकिडवे बसले आणि तिथून कागदाकडे बराच वेळ पाहत राहिले. "मग चार वर्षांच्या पोरीला आईचं तोंड बघायचं असलं," ते हळूच म्हणाले, "तर ती काय करते?"

शाल्मलीने कागदाच्या तळाशी, अगदी कडेला, वर पसरलेले दोन इवले हात काढले.

साडीचा काठ थांबला. पिठाचे हात खाली आले, आणि ओटा, डबे, खिडकी, सगळंच अलगद खाली जाऊ लागलं. मग कागदभर आईचा गाल आला. कानामागे एक तीळ होता. तो कुठल्याच फोटोत नव्हता.