नव्या बाईंची टाचणवही

वीस वर्षं शाळेत गणिताच्या बाईंचीच टाचणवही, म्हणजे पाठांच्या तयारीची वही, नमुना म्हणून दाखवली जायची. यंदा मुख्याध्यापक त्यांनाच म्हणाले, “नव्या बाईंची वही एकदा बघून घ्या, शिकण्यासारखी आहे.” बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. मधल्या सुट्टीत शिक्षकखोली रिकामी बघून त्यांनी ती वही उघडली, ती खुसपटं काढायलाच. अक्षर गिचमिड, पानोपानी खाडाखोड. बाईंना जरा बरं वाटलं. मग अपूर्णांकांच्या पाठाखाली एक ओळ दिसली, ‘इथे कोण अडेल?’ पुढे सात मुलांची नावं, कारणांसकट. हे आपल्याला कसं सुचलं नाही, या विचाराने त्या आणखीच जळल्या. एवढ्यात नव्या बाई आल्या. “ताई, काही चुकलंय का?” “अक्षर सुधारा,” म्हणून बाई तरातरा वर्गात गेल्या. “अपूर्णांकांत कुणाला कुठे अडतंय?” त्यांनी पहिल्यांदाच विचारलं. मागच्या बाकावरची मुलगी उठली. “पहिल्या तासापासून, बाई.”