तारा लावायच्या बाकी

नागावच्या वाडीत दयारामने हौसेने फणसाच्या लाकडाची गिटार बनवायला घेतली होती. आतल्या पट्ट्या चिकटवताना क्लॅम्प कमी पडले, तेव्हा शेवटची पट्टी बायकोने अंगठ्याने दाबून धरली. “लवकर आटपा, गॅसवर भात हाय माझा!” फेविकॉल सुकला, त्यात तिचा अंगठा उमटून राहिला. दयाराम चिडला. ती हसली, “आतमध्ये कोन बगनार हाय?” गिटारची पेटी बंद झाली, आणि तारा लावायच्या आधीच बायको तापाने गेली. दिवाळीला आलेल्या लेकीने तारांचं पाकीट त्याच्यापुढे ठेवलं. “बाबा, आईला ऐकायची होती ना? मग लावा की!” त्याने गिटार मांडीवर घेतली, गोल भोकातून हात आत घातला, चाचपडत शेवटच्या पट्टीपाशी नेला आणि आपला अंगठा तिथे टेकवला. “लावतो गं,” तो म्हणाला, “पन तारा लावल्या की हात आत जात न्हाय.”